गानलों फितूर होता की नाही? ‘रोलाँचं गीत’ आणि शेवटचा खटला

मोडीवाचक

‘रोलाँचं गीत’ हे जुन्या फ्रेंचमधलं वीरकाव्य म्हटलं की लोकांना शिंग आठवतं. खिंडीत अडकलेला वीर हट्टानं शिंग फुंकत नाही, फुंकतो तेव्हा उशीर झालेला असतो, संपली गोष्ट. पण ऑक्सफर्डच्या हस्तलिखितात जवळपास ४००० ओळी आहेत आणि रोलाँ मरतो तेव्हा त्यांतल्या साधारण २४०० झालेल्या असतात. पुढे फ्रँकांचा सम्राट शार्लमेन याचा सूड येतो, आणि अगदी शेवटी, सुमारे पावणेतीनशे ओळींत, गानलोंवरचा खटला. माझ्या मते काव्याची खरी गाठ तिथे आहे. धागा त्यासाठीच.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: शार्लमेन सात वर्षं स्पेनमध्ये लढतोय. सारागोसा सोडून सगळं हाती आलंय. तिथला राजा मार्सिल खोट्या तहाचा निरोप धाडतो. उत्तर घेऊन जाणार कोण? आधी गेलेल्या बाझाँ आणि बाझिल या दोन वकिलांची मुंडकी मार्सिलनं उडवली होती, त्यामुळे काम जिवावरचं. रोलाँ म्हणतो, माझे सावत्र वडील गानलों जातील. गानलों भडकतो आणि सम्राटासमोर, भर सभेत, रोलाँ, त्याचा जिवलग मित्र ओलिव्हिए आणि बारा सरदारांशी वैर जाहीर करतो. मग मार्सिलशी संधान बांधतो, परतीच्या वाटेवर पिछाडी सांभाळायला रोलाँचंच नाव सुचवतो, आणि २०,००० माणसांची पिछाडी कापली जाते.

खटल्यातला त्याचा बचाव एवढाच: मी त्यांना सगळ्यांदेखत आव्हान दिलं होतं, सम्राटानं ते ऐकलं होतं, मी सूड घेतला, फितुरी केली नाही. आणि न्याय करायला बसलेले बहुतेक सरदार त्याला सोडून द्यायला निघतात!

इ.स. ११०० च्या आसपास हे ऐकणाऱ्या माणसाला हा बचाव पोकळ वाटला असेल की वजनदार? जाणकारांनी लिहावं.

सागरगोटा

वाचतोय. आधी एक बाळबोध शंका. धन्याशी शपथेनं बांधलेल्या या सरदारांना, ‘व्हासल’ना, मांडलिक म्हणायचं ना?

तळटीप

मांडलिक नको. मांडलिक म्हणजे खंडणी भरणारा दुय्यम राजा. इथला शब्द फार साधा आहे: ‘ओम्’, म्हणजे माणूस. ‘ओमाज’ म्हणजे कुणाचा तरी माणूस होणं. आपण ‘तो पाटलांचा माणूस आहे’ म्हणतो ना, अगदी तसंच. याहून चांगला अनुवाद मला सुचत नाही.

हा विधी नेमका कसा व्हायचा ते ब्रूजच्या गालबेरनं नोंदवून ठेवलंय. हा फ्लँडर्सच्या काउंटच्या कारभारातला लेखनिक. २ मार्च ११२७ ला काउंट शार्ल याचा ब्रूजच्या चर्चमध्ये खून झाला, आणि महिन्याभरानं नवा काउंट विल्यम क्लितो याच्यापुढे सरदार एकेक करून आले. काउंट विचारतो, पूर्णपणे माझा माणूस व्हायची तुझी इच्छा आहे का? समोरचा म्हणतो, आहे. मग तो आपले दोन्ही हात जोडून काउंटच्या हातांत देतो, काउंट ते आपल्या हातांत धरतो आणि दोघं चुंबन घेतात. इथे ओमाज झालं. त्यानंतर संतांच्या अवशेषांवर हात ठेवून इमानाची शपथ. आणि मग काउंट हातातल्या काठीनं त्यांना जमिनीचा ताबा देतो. क्रम लक्षात ठेवा: आधी माणूस, मग शपथ, मग जमीन. जमीन मिळाली म्हणून माणूस झाला असं नाही, निदान कागदावर तरी नाही.

जमीन म्हणजे ‘फीफ’. मराठीत वतन म्हणावं की सरंजाम? सुरुवातीला तो सरंजामासारखा: चाकरी आहे तोवर उपभोग, माणूस मेला की धन्याकडे परत. पण ८७७ मध्ये फ्रँक राजा टकल्या शार्लनं इटलीच्या मोहिमेवर निघताना किएर्झी इथे फर्मान काढलं. मोहिमेत कुणी काउंट मेला आणि त्याचा मुलगा सैन्यासोबत असला, तर राजा परतेपर्यंत कारभार कसा चालवायचा याची ती तात्पुरती सोय होती. मुलाचा हक्क गृहीत धरायची रीत मात्र त्यातून दिसते. बाराव्या शतकापर्यंत फीफ वतनासारखाच झाला होता: वारस नजराणा भरतो आणि पुन्हा हात जोडतो. सरंजामाचं वतन कसं होतं हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

आता गानलोंकडे. १०२० च्या सुमारास शार्त्रचा बिशप फुल्बेर यानं आक्विटेनच्या ड्यूकला पत्र लिहून ‘माणसा’ची कर्तव्यं सांगितली. सहा आहेत, आणि बहुतेक नकारात्मक: धन्याच्या शरीराला इजा करू नये, त्याची गुपितं आणि गढ्या शत्रूच्या हाती देऊ नयेत, त्याच्या न्यायाधिकाराला आणि अब्रूला धक्का लावू नये, त्याची मालमत्ता बुडवू नये, त्याला सोपं असलेलं अवघड करू नये आणि शक्य असलेलं अशक्य करू नये. पुढे फुल्बेर म्हणतो की एवढं टाळलं म्हणून फीफ मिळवायची लायकी येत नाही. सल्ला आणि मदतही द्यावी लागते.

ही सहा कलमं पुन्हा वाचा. सगळी धन्याबद्दल आहेत. एकाच धन्याच्या दोन माणसांमध्ये वैर आलं तर काय, यावर एक शब्द नाही. गानलों नेमका त्याच फटीत उभा आहे.

मोडीवाचक

वा! म्हणजे बचाव पोकळ नाही. पण उघड आव्हानाला एवढी किंमत का?

तळटीप

कारण उघड वैर हा त्या समाजात गुन्हा नव्हता, हक्क होता. आधी जाहीर केलं की पुढचा वार सूड. न सांगता केला की दगा. धन्याशी नातं तोडायचं असलं तरीही ते सांगून तोडायचं. गालबेरच्याच वृत्तांतात काडी फेकून ओमाज तोडणारी माणसं आहेत.

जुनाबखरी

काडीमोडच की!

तो हातमोजाही विसरू नका. सम्राट गानलोंला आपला उजवा हातमोजा देतो, ही मोहिमेची खूण, आणि तो गानलोंच्या हातून खाली पडतो. फ्रँक चपापतात. आपल्याकडे तबकातला विडा उचलताना तो हातून निसटावा तसा हा अपशकुन. आता गंमत पाहा. पुढे पिछाडीला नेमल्यावर रोलाँ गानलोंला टोमणा मारतो: तुझ्या हातून काठी पडली तसा माझ्या हातून हातमोजा पडेल असं वाटलं का तुला? प्रसंगात पडला हातमोजा, टोमण्यात पडते काठी. गाणाऱ्याची चूक की लिहिणाऱ्याची, वाद घालणाऱ्यांनी घालावा. ताबा देणं, काम सोपवणं, शब्द देणं या सगळ्याला हातमोजा आणि काठी दोन्ही चालत, त्यामुळे ऐकणाऱ्याला फारसं खटकलं नसणार.

आणि तळटीप यांनी सांगितलेला हात जोडण्याचा विधी डोळ्यांपुढे ठेवून रोलाँचा मृत्यू वाचा. पाइनच्या झाडाखाली, तलवार आणि शिंग अंगाखाली घेऊन, तोंड शत्रूच्या मुलखाकडे करून तो पडलाय. उजवा हातमोजा तो देवाला देऊ करतो. गॅब्रिएल तो त्याच्या हातातून घेतो. मग जोडलेल्या हातांनी रोलाँ शेवटाला जातो. आज हे कुणालाही नुसती प्रार्थना वाटेल. तेव्हाच्या शिलेदाराला यात धनी बदलताना दिसला असेल. गानलोंच्या हातून पडलेला हातमोजा आणि देवदूतानं उचललेला हातमोजा, या दोन टोकांमध्ये दोन हजार ओळी आहेत.

सागरगोटा

हे डोक्यातच आलं नव्हतं. आता परत वाचणं आलं.

घाटमाथा

इतिहासाची बाजू थोडक्यात मांडतो, नाहीतर धागा काव्याला बखर समजून पुढे जाईल.

७७७ मध्ये बार्सिलोनाकडचा सुलेमान पाडरबोर्नला शार्लमेनकडे आला आणि कोर्दोबाच्या अमीराविरुद्ध मदत मागितली. ७७८ मध्ये फ्रँक सैन्य गेलं, पण सारागोसानं दरवाजे उघडले नाहीत. परतताना शार्लमेननं पाम्प्लोनाची तटबंदी पाडली. म्हणजे बास्कांचं, ख्रिस्ती लोकांचं, गाव. मग १५ ऑगस्टला पिरेनीजच्या अरुंद वाटेत बास्कांनी मागचा सामानाचा तांडा आणि त्यामागची शिबंदी दरीत रेटून कापली, लूट उचलली आणि अंधारात पांगले. शार्लमेनचा चरित्रकार आइनहार्ट कारणंही देतो: बास्क हलके होते आणि जागा त्यांची होती, फ्रँकांना स्वतःच्याच शस्त्रांचं ओझं झालं. तारीख कळते ती तिथे पडलेल्या एग्गिहार्ड या शाही मुदपाकाच्या अधिकाऱ्याच्या समाधीलेखामुळे. आइनहार्टच्या यादीत तिसरं नाव ‘ब्रिटनीच्या सरहद्दीचा अधिकारी ह्रुओदलांदुस’. रोलाँबद्दलचा इतिहास जवळजवळ इथेच संपतो, आणि काही प्रतींत तर हे नावही नाही.

काव्यात बास्क गायब, त्यांच्या जागी ४,००,००० सारासेन, म्हणजे मुसलमान. तिशीतला शार्लमेन दोनशे वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा. गानलों नावाच्या फितुराला ७७८ च्या नोंदींत थारा नाही. म्हणजे तो मुद्दाम घडवलेला आहे. पराभवाला आतला माणूस जबाबदार असावा ही गरज काव्याची होती.

रानवारा

पावनखिंडीशी तुलना कुणी केली नाही अजून :)

घाटमाथा

वरवरची आहे. बाजीप्रभूंची खिंड धनी विशाळगडावर पोचेपर्यंत रोखून धरायची होती, इशाराही गडावरून यायचा होता. रोलाँची पिछाडी वाचवता आली असती. इशारा त्यानंच द्यायचा होता आणि त्यानं तो दिला नाही. ओलिव्हिए त्याला पुढे हेच सुनावतो.

यतिभंग

छंदावर कुणी बोलत नाहीये म्हणून मी.

ओळ दहा अक्षरांची (अक्षर म्हणजे इथे उच्चारातला स्वरगट). चौथ्यावर यती, मग सहा. यतीच्या जागी आणि ओळीच्या शेवटी एखादं निराघात अक्षर जास्त चालतं, ते मोजायचं नाही. पहिल्या दोन ओळी:

कार्लेस ली रेइस । नोस्त्र एंपेरेरे मान्येस
सेत आंझ तुझ प्लेइन्स । आद एस्तेत आन एस्पान्ये

‘नोस्त्र’ आणि ‘एंपेरेरे’ जोडून म्हटलं की सहा भरतात, शेवटचं ‘येस’ फुकटात. यमक नाही, स्वरसाम्य आहे: शेवटचा आघाती स्वर आणि त्यानंतरचा निराघात स्वर जुळले की झालं, व्यंजनं कुठलीही असोत. एक स्वर जितक्या ओळी टिकेल तितक्यांचा एक ‘लेस’. ठरावीक लांबी नाही. पहिला लेस नऊ ओळींचा आहे, पुढे पाच-सहांचेही आहेत आणि वीसच्या वरचेही. दीडशेहून जास्त वेळा शेवटी समासात तीन अक्षरं येतात: आ, ओ, इ. त्यांच्या अर्थावर पानंच्या पानं लिहिली गेलीत.

अनुवाद वाचताना गोंधळ होतो तो ‘समान लेस’मुळे. एकच क्षण लागोपाठ तीन लेसांत तीन वेगळ्या स्वरांवर सांगितला जातो. ओलिव्हिए शिंग फुंकायला सांगतो, रोलाँ नाही म्हणतो, लगेच पुन्हा तेच, पुन्हा तेच. नवखा वाचक समजतो की संवाद तीनदा झाला. तसं नाही. काळ थांबलाय, गाणारा त्याच क्षणाभोवती फिरतोय. पोवाड्यातला शाहीर मोक्याच्या जागी चाल धरून ठेवतो, त्याच्या जवळपासचं काम. शिंग फुंकणं तीन लेस, द्युराँदाल ही त्याची तलवार दगडावर आपटणं तीन लेस. जिथे तीनदा थांबलाय तिथे काव्याचं वजन आहे हे समजून वाचा. अनुवादकाने ‘पुनरुक्ती’ म्हणून दोन लेस गाळले असतील तर ती आवृत्ती बाजूला ठेवा.

आणि एक: ‘रोलाँ शूर आहे, ओलिव्हिए शहाणा’ ही ओळ उद्धृत करताना पुढची तोडतात. पुढे म्हटलंय की दोघंही अलौकिक व्हासल आहेत. कवी एकाला खाली बसवत नाहीये.

ऐरण

शस्त्रांबद्दल. काव्यातली लढाई ७७८ ची नाही, कवीच्या काळातली आहे. पुरावा भाला. काव्यात भाला काखेत दाबून, घोड्याच्या पूर्ण वेगानं, समोरच्याच्या ढालीवर घालतात. ही पद्धत अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळत होती. बायोच्या भरतकामात (१०६६ ची इंग्लंडवरची स्वारी दाखवणारी लांब कापडपट्टी) काही घोडेस्वार भाला फेकताना दिसतात आणि काही काखेत धरलेले. तीनशे वर्षं आधी हे असं नव्हतं.

या वाराचं वर्णन इतकं साच्यातलं आहे की झाँ रिश्नेर या अभ्यासकानं त्याचे सात भाग वेगळे काढले: घोड्याला टाच, भाला तोलणं, वार, ढाल फुटणं, चिलखत फाटणं, भाला आरपार जाणं, मेलेला माणूस खोगिरावरून खाली. गाणाऱ्याला हवे तेवढे भाग घ्यायचे. बिनमहत्त्वाचा शत्रू असेल तर तीन-चारांत उरकतो, मोठा असेल तर सातही भाग आणि वर प्रेताला एक शिवी. भाला मोडला की मगच तलवार, आणि तलवारीचा वार वरून खाली: शिरस्त्राण, चेहरा, धड, खोगीर, घोडा. खरं सांगायचं तर कड्यांचं चिलखत तलवारीच्या घावानं असं उभं चिरत नाही. हाडं मोडतात, मुका मार बसतो. म्हणून तर ते घालायचे.

खर्चाचा अंदाज हवा असेल तर रिपुआरी फ्रँकांच्या कायद्यात दर आहेत, कार्व्हिंजियन काळाच्या आसपासचे. शिरस्त्राण ६ सोलिदी (तेव्हाचं नाणं), चिलखत १२, म्यानासह तलवार ७, पायांचं कवच ६, ढाल-भाला मिळून २, घोडा १२. बेरीज ४५. त्याच कायद्यात धडधाकट बैल २ सोलिदी. म्हणजे एक स्वार उभा करायला बावीस-तेवीस बैल. ८०५ मध्ये शार्लमेननं ठरवलं की ज्याच्याकडे १२ ‘मान्सुस’, म्हणजे बारा कुळांच्या जमिनी, त्यानं चिलखत घालूनच यायचं. सरंजामशाही कुठून आली याचं अर्धं उत्तर या हिशेबात आहे. बैल विकून घोडा घेणाऱ्याला नांगरायला दुसरी माणसं लागतात.

तळटीप

ऐरण, ‘कॅरोलिंजियन’ म्हणायचंय ना? बाकी +१. यात एक जोडतो: काव्यात ‘सात वर्षं’ मोहीम चालते, पण बाराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ होत गेलेली चाकरी वर्षाला ४० दिवसांची. त्यापुढे धन्यानं खर्च द्यायचा किंवा माणसं घरी जायची. सात वर्षं न कुरकुरता राबणारं सैन्य हे ऐकणाऱ्या धन्याचं स्वप्न होतं. रोलाँ एका ठिकाणी म्हणतो की धन्यासाठी माणसानं कष्ट सोसावेत, कडक ऊन आणि कडक थंडी सोसावी, कातडं आणि केस गेले तरी चालतील. कुरकुरणारे खूप होते म्हणूनच हे गायला लागत होतं.

ऐरण

हो, कॅरोलिंजियन. बोट घसरलं.

मोडीवाचक

आता खटल्याकडे येऊ या. माझा आक्षेप असा: आव्हान उघड होतं हे मान्य, पण मार्सिलकडून घेतलेल्या पैशाचं काय? दहा खेचरांवर अरबी सोनं, तेही दरवर्षी. एकानं तलवार दिली, एकानं शिरस्त्राण, राणी ब्रामिमोंदनं त्याच्या बायकोसाठी दागिने. त्यानं स्वतःच्या तलवारीच्या मुठीतल्या अवशेषांवर शपथ घेतली. हे सूडात बसतं?

तळटीप

नाही बसत. आणि कवीला ते पक्कं ठाऊक आहे. शार्लमेनच्या आरोपातच शब्द आहेत: यानं बारा सरदार पैशासाठी विकले. गानलोंचं उत्तर बारकाईनं पाहा. खेचरांचा उल्लेखही नाही. तो म्हणतो, रोलाँनंच माझं सोनं आणि मत्ता बुडवली, म्हणून मी त्याचा नाश योजला. पैशाचा आरोप तो उलटवतो आणि विषय वैराकडे वळवतो.

पुढची प्रक्रिया अशी. सरदार बाजूला जाऊन खलबत करतात आणि राजाला सांगतात: रोलाँ मेला, कितीही सोनं ओतलं तरी परत येणार नाही, गानलोंला सोडा, तो पुढे प्रेमानं आणि इमानानं चाकरी करेल. यात भ्याडपणा आहे, कारण गानलोंचा नातलग पिनाबेल यानं आधीच बजावलंय की फाशी सुचवणाऱ्यानं माझ्या तलवारीशी बोलावं. पण नुसता भ्याडपणा नाही. वैर मिटवून माणूस कामाला लावणं ही त्या काळातली रोजची न्यायपद्धत होती. दोन्ही घराणी शिल्लक राहतात, धन्याचे स्वार कमी होत नाहीत.

एकटा तिएरी उभा राहतो. अंजूच्या जोफ्रुआचा भाऊ, सडपातळ, उंचही नाही. त्याचं म्हणणं दोन ओळींचं, आणि काव्यातला सगळा कायदा त्यात आहे: रोलाँनं गानलोंचा काहीही अपराध केला असो, तो तुमच्या चाकरीवर होता, आणि ती चाकरीच त्याचं संरक्षण असायला हवी होती. म्हणजे धन्याच्या कामावर असलेल्या माणसावरचा वार हा धन्यावरचा वार. फुल्बेरच्या यादीतली जी फट मी वर म्हटली ती तिएरी इथे बुजवतो.

यावर एकमत नाही, म्हणून द्वंद्व. पिनाबेल आणि तिएरी हातमोजे देतात. पिनाबेलच्या बाजूनं ३० नातलग जामीन राहतात. दोघं पापकबुली देतात, प्रार्थना ऐकतात, शार्लमेनची राजधानी आखेन, तिच्या खालच्या कुरणात उतरतात. मधेच पिनाबेल तडजोड मांडतो: मी तुझा माणूस होतो, गानलोंचा राजाशी समेट घडव. तिएरी म्हणतो, विचारसुद्धा करणार नाही. त्याच्या तोंडावर वार बसतो, पण शेवटी पिनाबेलचं डोकं फुटतं.

मग ते ३० जामीन फासावर जातात. आजच्या वाचकाला हे सर्वात जास्त खुपतं. पण जामीन म्हणजे सही नव्हे, तर शरीर गहाण. बाजू हरली की गहाण बुडालं. आणि गानलोंला चार घोड्यांना बांधून फाडतात. राजद्रोहाची शिक्षा, खाजगी वैराची नव्हे. निकाल शिक्षेच्या प्रकारातच लिहिलाय.

म्हणून मूळ प्रश्नाला माझं उत्तर: तो फितूर होता, पण ‘हे फितुरीत मोडतं’ हे ठरवण्यासाठी कवीला नवा नियम मांडावा लागला, आणि तो नियम बहुमतानं नाही, एका किरकोळ अंगाच्या माणसाच्या तलवारीनं सिद्ध करावा लागला. राजे बळकट व्हायला लागले होते त्या काळाला तो नियम हवा होता. सरदारांना नको होता, आणि कवी ते लपवत नाही.

जुनाबखरी

या नियमाच्या उलट बाजूची काव्यंही आहेत. धनीच वाकडा वागला तर?

‘राउल द कांब्रे’ बाराव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. राजा लुई राउलच्या बापाचा फीफ दुसऱ्याला देतो आणि राउलला शब्द देतो की पुढे जो फीफ रिकामा होईल तो तुझा. व्हर्मांद्वाचा एर्बेर मरतो, त्याला चार मुलगे, पण राउल शब्दावर अडून बसतो. एका राजानं एकच वतन दोघांना दिलं की काय होतं ते पुढे हजारो ओळी चालतं. राउल ओरिन्यीचा जोगिणींचा मठ जाळतो. आत त्याच्याच माणसाची, बेर्निएची, आई जळून मरते. आणि तरी बेर्निए लगेच नातं तोडत नाही! राउल ज्युडासपेक्षा नीच आहे, पण माझा धनी आहे, असं तो म्हणतो. तोडतो कधी? राउल रागाच्या भरात त्याच्या डोक्यात दांडका घालून रक्त काढतो तेव्हा. शरीराला इजा ही कायद्यानं मान्य सबब. मग राउल भरपाई देऊ करतो, तीही कशी: ओरिन्यीपासून नेलपर्यंत १४ लीग, शंभर शिलेदार डोक्यावर खोगीर घेऊन चालतील आणि तुझं खोगीर मी घेईन. बेर्निए म्हणतो, हे सांडलेलं रक्त आपोआप डोक्यात परत जाईपर्यंत समेट नाही. यामागे खरी घटना आहे. दहाव्या शतकातला इतिवृत्तकार फ्लोदोआर याच्या नोंदींत ९४३ साली एर्बेरच्या मुलांवर चालून गेलेला राउल मारला गेल्याचं आहे.

‘निमचा तांडा’ हे याच दुखण्यावरचं हलकं औषध. लुई सगळ्यांना फीफ वाटतो आणि काव्याचा नायक गियोम याला विसरतो. मग घाबरून मेलेल्या सरदारांच्या जमिनी देऊ करतो. गियोम एकेक नाकारतो: याचा मुलगा लहान आहे, त्याचं काय? शेवटी तो न जिंकलेला मुलूख मागतो आणि पिंपांत शिलेदार लपवून, व्यापाऱ्याच्या वेशात, निममध्ये शिरतो.

यतिभंग

स्पेनच्या जुन्या वीरकाव्याचा नायक सीद घ्या की. ‘देवा, काय चांगला व्हासल, धनी चांगला असता तर!’ ही ओळ सुरुवातीलाच येते. हद्दपार व्हासलवर जुन्या धन्याचं बंधन उरत नसे. तरी सीद प्रत्येक विजयानंतर त्याला हद्दपार करणाऱ्या राजा अल्फोन्सोला घोडे पाठवतो: आधी ३०, मग १००, मग २००. समेटाच्या वेळी गुडघ्यांवर येऊन दातांनी गवत उपटतो. आणि जावयांनी कोर्पेसच्या रानात मुलींना फटके मारून टाकून दिल्यावर तो सूड घेत नाही, दावा लावतो. तोलेदोच्या दरबारात तीन टप्पे: आधी दोन तलवारी परत, त्या मिळाल्यावर ३००० मार्क परत, तेही कबूल झाल्यावर अब्रूची फिर्याद. क्रम उलटा केला असता तर द्वंद्वाच्या धुरळ्यात पैसा बुडाला असता. गानलोंपेक्षा शंभर पटीनं चांगला वकील.

अवांतर: ‘सीद’ हा अरबी ‘सय्यिद’वरून. जंजिऱ्याच्या ‘सिद्दी’ची व्युत्पत्तीही बहुधा तिथलीच मानतात.

सागरगोटा

दोन धन्यांमध्ये अडकलेला कुणी आहे का? तो प्रश्न राहिलाच.

तळटीप

व्यवहारात तो रोजचा प्रश्न होता, कारण एक माणूस दोन-चार धन्यांचे फीफ धरून असायचा. तोडगा म्हणून ‘लीज’ ओमाज आलं: या एका धन्याचा हक्क बाकीच्यांच्या आधी. काही दिवसांतच लोक दोघा-दोघांना लीज ओमाज देऊ लागले आणि गुंता होता तसाच राहिला.

काव्यात मात्र सर्वात घट्ट गाठ जर्मन ‘नीबेलुंगांच्या गीता’त आहे, इ.स. १२०० च्या सुमाराचं. रूडिगर हा हूणांचा राजा एट्झेल याचा माणूस. एट्झेलची होणारी राणी क्रीमहिल्ड (हागेननं तिचा पहिला नवरा मारलेला) हिला लग्नासाठी आणताना त्यानं तिच्या दुःखाचा बदला घेईन अशी वेगळी शपथ दिलेली. पण बुर्गुंडी पाहुण्यांना (क्रीमहिल्डचे भाऊ, त्यांत गिझेल्हर आणि गेर्नोट, आणि त्यांचा माणूस हागेन) वाट दाखवत त्यानंच आणलं, घरी जेवू घातलं, मुलगीही त्यांच्या गिझेल्हरला दिली. राजा-राणी त्याला म्हणतात, लढ. तो एट्झेलला सांगतो: तुमच्याकडून मिळालेली जमीन, गढ्या, सगळं परत घ्या, मी पायी परदेशी जातो. एवढं पुरायला हवं. राजा परत घेत नाही. मग तो लढायला जातो, आणि दारात हागेन म्हणतो, तुझ्या बायकोनं दिलेली ढाल फुटली रे. रूडिगर स्वतःची ढाल काढून त्याला देतो. हागेन शब्द देतो की मी तुला हात लावणार नाही. रूडिगर मरतो तो त्यानंच गेर्नोटला भेट दिलेल्या तलवारीनं, आणि गेर्नोटही त्याच क्षणी त्याच्या हातून.

मोडीवाचक

गानलों वैर उघड सांगून मोकळा होऊ पाहतो, हा जमीन परत देऊन. दोघांनाही धनी सोडत नाही. रूडिगरचा हा प्रसंग काव्यात नेमका कुठे येतो?

तळटीप

३९ सर्गांपैकी ३७ व्या. ढालीचा भाग मधोमध आहे. मागचे सर्ग वाचायला वेळ नसेल तर निदान २७ वा आधी वाचा. त्यात रूडिगरच्या घरची मेजवानी आहे, आणि ढाल व तलवार दोन्ही तिथेच दिली जातात.